न थांबणारा खोकला आणि लागणारा दम: नागपुरात छातीच्या आजाराचे उपचार पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

घरात कोणाचा तरी खोकला थांबत नाही. जिना चढताना दम लागतो, रात्री छातीतून शिट्टी वाजते. मग आधी दुकानातून आणलेलं सिरप, नंतर कॉलनीतल्या डॉक्टरांच्या पाच दिवसांच्या गोळ्या, नंतर दुसरे डॉक्टर, त्यानंतर कुणीतरी सुचवलेला काढा. दोन-तीन महिने निघून जातात आणि आजाराचं नाव मात्र घरात कोणालाच सांगता येत नाही.

अशाच घरांसाठी हे लिहिते आहे. माझ्या सासूबाईंना सीओपीडी (धुराने श्वासनळ्या आणि फुप्फुसं कायमची खराब होण्याचा आजार) आहे, मुलाला लहानपणापासून दमा आहे, आणि चुलत दिराने टीबीचा पूर्ण कोर्स आमच्याकडे राहून केला. मी डॉक्टर नाही. डोस आणि औषध तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण कुठे जायचं, काय विचारायचं, कोणती तपासणी कशासाठी असते आणि लोक कुठे अडकतात, एवढं मी नीट सांगू शकते. सगळ्यात आधी एक गोष्ट: आजाराचं नाव कळेपर्यंत नुसत्या खोकल्याच्या औषधांवर दिवस घालवू नका. दमा, टीबी, न्यूमोनिया, सीओपीडी या सगळ्यांत खोकला असतो, पण उपचार चारही ठिकाणी पूर्ण वेगळे आहेत.

१. आधी हे तपासा: वाट बघायची की लगेच निघायचं

पुढचं काहीही दिसलं तर ओपीडीची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढून जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात जा.

- एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, दोन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो
- ओठ किंवा नखं निळसर दिसतात
- माणूस गुंगीत जातो किंवा असंबद्ध बोलतो
- खोकल्यातून बऱ्यापैकी रक्त पडतं
- छातीत अचानक तीव्र दुखून दम लागतो
- ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९२ च्या खाली आहे (सीओपीडीच्या जुन्या रुग्णाचा आकडा नेहमीच कमी असू शकतो, त्यांची मर्यादा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या)

लहान मुलांच्या बाबतीत श्वास मोजायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि श्वास ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, तर ते न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल, तर थेट दवाखान्यात भरती.

ऑक्सिमीटर वापरताना नेलपॉलिश पुसा आणि हात थंड असेल तर चोळून गरम करा. गडद मेंदीही आकडा चुकवू शकते. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. अर्ध्या मिनिटात दिसलेल्या ८७ वर घाबरून धावपळ करणारे बरेच जण असतात, नंतर तोच आकडा ९६ वर येऊन टिकतो.

२. डॉक्टरांकडे जाण्याआधी चार दिवस वहीत लिहा

तब्येत बरी असेल तरच हे करा. खोकला कधी येतो (पहाटे, रात्री, धुळीत, हसल्यावर), बेडका पडतो का आणि त्याचा रंग काय, संध्याकाळी ताप चढतो का, वजन उतरलं का, रात्री घामाने कपडे भिजतात का. पहाटे तीन-चारला दम लागून उठावं लागणं दम्याकडे बोट दाखवतं. संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरणारं वजन टीबीकडे.

जुनं कामही लिहा, हे फार जण विसरतात. सावनेर, उमरेड, कामठी भागात कोळसा खाणीत काम केलं होतं का? गिट्टी क्रशरवर? कापड गिरणीत? एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि कापसाच्या धुळीत आयुष्य काढलेली माणसं आजही या शहरात आहेत. कोळशाच्या आणि दगडाच्या धुळीने फुप्फुसं कायमची आखडतात आणि कापसाच्या धुळीने वेगळा आजार होतो. डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय ते एक्स-रेवरून ओळखणं कठीण जातं. खाणीतल्या धुळीचा आजार असेल तर नुकसानभरपाईचाही हक्क असतो, तेव्हा नोकरीचे कागद सांभाळून ठेवा.

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही. छातीच्या डॉक्टरांनी त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, चुलीवर स्वयंपाक किती वर्षं केला?" भंडाऱ्याकडच्या गावात लग्न होऊन आल्यापासून, असं त्यांनी सांगितलं आणि डॉक्टरांनी ते कागदावर सर्वांत वर लिहून घेतलं. बायकांना सीओपीडी होत नाही हा समज डोक्यातून काढून टाका. लाकूड, गोवऱ्या आणि तुरीच्या काड्यांचा धूर फुप्फुसांना बिडीसारखाच खातो.

३. नागपुरात कुठे जायचं

साधा सर्दी-खोकला बहुधा आठ-दहा दिवसांत उतरतो, त्यासाठी जवळचे फॅमिली डॉक्टर पुरेसे. दोन आठवडे उलटले, किंवा दम लागायला लागला, की छातीच्या डॉक्टरांकडे जायचं. पाटीवर "श्वसनरोगतज्ज्ञ", "चेस्ट फिजिशियन" किंवा "पल्मोनॉलॉजिस्ट" असं लिहिलेलं असतं.

सरकारी पर्याय तीन मोठे. मेडिकल चौकातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांचं "मेडिकल". रेल्वे स्टेशनच्या पूर्वेला सेंट्रल अव्हेन्यूकडे असलेलं इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे "मेयो". आणि मिहानमधलं एम्स. मेडिकलचा टीबी वॉर्ड मुख्य इमारतीपासून वेगळ्या आवारात आहे, त्यामुळे ऑटोतून उतरण्याआधीच "छातीची ओपीडी कुठे?" हे विचारून घ्या. म्हाताऱ्या माणसाला दम लागत असताना एका इमारतीतून दुसरीकडे चालवत नेणं फार त्रासाचं होतं. व्हीलचेअर मागा, लाजू नका. एम्ससाठी ऑनलाइन नंबर लावता येतो. मेट्रोने खापरीपर्यंत जाऊन पुढे ऑटो करता येतो.

सरकारी ओपीडी सकाळची असते. आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) मोबाइलमध्ये असेल तर क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरची रांग टाळता येते, म्हणून तो आदल्या दिवशी घरीच काढून ठेवा. खाजगीत धंतोली आणि रामदासपेठेत छातीच्या डॉक्टरांचे दवाखाने एकाला लागून एक आहेत. निवडताना एवढंच बघा की स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) तिथे होते का आणि इनहेलर कसा ओढायचा हे शिकवणारं कोणी आहे का. पाटी मोठी असून या दोन गोष्टी नसतील तर दुसरीकडे जा.

४. सोबत न्यायच्या वस्तू

- आधार कार्ड, रेशन कार्ड आणि झेरॉक्स
- जुने एक्स-रे आणि सीटी: फक्त रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी हवी. तुलना फिल्मवरच होते
- आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं
- वापरात असलेला इनहेलर, तोच
- बीपी, शुगर, हृदयाची चालू औषधं. बीपीच्या काही गोळ्यांनीही (रामिप्रिल, एनालाप्रिल) कोरडा खोकला येतो, आणि गोळी बदलली की तो जातो
- वरची वही

सिरप कुठलं घेतलं हे आठवत नसेल तर बाटलीच न्या. "लाल रंगाचं होतं" यावरून कोणालाच काही कळत नाही.

५. तपासण्या: कोणती कशासाठी

छातीचा एक्स-रे सगळ्यात आधी होतो. न्यूमोनिया, टीबी, छातीत भरलेलं पाणी, मोठं झालेलं हृदय याचा अंदाज त्यात येतो. दमा मात्र त्यात दिसत नाही. एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे छाती ठीक आहे असं समजून परत फिरणारे पुष्कळ. दम लागत असेल तर स्पायरोमेट्री मागा.

स्पायरोमेट्रीत नाकाला चिमटा लावून नळी तोंडात धरायची, पोटभर श्वास घ्यायचा आणि जीव खाऊन फुंकायचं, निदान सहा सेकंद. आमच्याकडचा तंत्रज्ञ सासऱ्यांच्या वयाच्या माणसाला ओरडून सांगत होता, "फुका काकाजी, फुका, फुका, अजून, अजून, सोडू नका!" बाहेर बसलेल्यांना वाटावं आत भांडण चाललंय. पण ते ओरडणं गरजेचं असतं. रुग्ण मधेच थांबला की आकडे खोटे येतात. तीन चांगले प्रयत्न झाले की सॅल्ब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळं करणारं औषध) देतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. औषधाने नळ्या चांगल्याच मोकळ्या झाल्या तर दम्याची शक्यता वाढते. औषधानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी राहिली तर सीओपीडीची शक्यता. तपासणीला पोट फुगवून जेवून जाऊ नका, आणि सकाळचा इनहेलर घ्यायचा की नाही हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. नुकताच हार्ट अटॅक, डोळ्याचं ऑपरेशन किंवा खोकल्यातून रक्त झालं असेल तर आधी सांगा.

बेडक्याची तपासणी टीबीसाठी. डबीत थुंकी भरून दिली तर ती फुकट जाते. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात जायचं, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीच्या तळातून खोकून घट्ट बेडका काढायचा. झाकण घट्ट लावून लवकरात लवकर पोचवायचा. सीबी-नॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर तपासणी झाली तर काही तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का, दोन्ही कळतं. "फक्त काचपट्टी (सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करता की नॅटही करता?" असं स्पष्ट विचारा.

सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. पहिल्याच भेटीत, एक्स-रे न बघता सीटी सांगितला तर कशासाठी हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

६. नाव कळलं, आता उपचार कसे असतात

*सर्दी, फ्लू, साधा ब्राँकायटिस.* बहुतेक वेळा विषाणूमुळे. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. आराम, पाणी, तापासाठी पॅरासिटामॉल. खोकला कधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो, पण दोन आठवडे उलटले की छातीच्या डॉक्टरांना दाखवाच. फ्लूमध्ये गरोदर बाई, म्हातारी माणसं, दमा-मधुमेहाचे रुग्ण यांनी पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांना गाठावं, कारण ओसेल्टामिव्हिर तेव्हाच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

*न्यूमोनिया.* जिवाणूंचा असेल तर अँटिबायोटिक लागतंच आणि सांगितले तेवढे दिवस घ्यायचं. ऑक्सिजन कमी, श्वास मिनिटाला ३० च्या वर, बीपी कमी किंवा माणूस गोंधळलेला असेल तर भरती. ताप उतरल्यावरही एक्स-रेमधला डाग काही आठवडे राहतो, त्यामुळे आठव्या दिवशी पुन्हा एक्स-रे काढून घाबरू नका. मात्र पन्नाशीच्या पुढच्या आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने सहा-आठ आठवड्यांनी तो काढायलाच हवा, कारण डागामागे कधी कधी गाठ लपलेली असते.

*दमा.* श्वासनळ्यांना आतून सूज असते आणि त्या मधूनमधून आवळतात. त्यामुळे औषधं दोन प्रकारची. एक सूज उतरवणारं, म्हणजे ओढायचं स्टिरॉइड (ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन वगैरे). हे त्रास नसतानाही चालू राहतं. दुसरं आवळलेली नळी सोडवणारं. बरेच रुग्ण वर्षानुवर्षं निळ्या पंपावर, म्हणजे नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर दिवस काढतात. त्याने तासाभराचा आराम मिळतो, सूज मात्र तशीच राहते आणि एखाद्या रात्री मोठा झटका येतो. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतही स्पष्ट आहे की मोठ्या माणसांचा आणि किशोरवयीन मुलांचा दमा एकट्या सॅल्ब्युटामॉलवर ठेवू नये. बरं वाटलं म्हणून स्टिरॉइडचा पंप स्वतःहून बंद करू नका. दोन-तीन महिने सगळं शांत राहिलं की डॉक्टरच डोस कमी करत आणतात.

*सीओपीडी.* यात फुप्फुसांचं झालेलं नुकसान भरून येत नाही, पण पुढचं नुकसान कमी करता येतं आणि दमही कमी करता येतो. लांबपर्यंत काम करणारे इनहेलर (टायोट्रोपियम, फॉर्मोटेरॉल असे), रोजचं चालणं, श्वासाचे व्यायाम, आणि धूर पूर्ण बंद. बिडी चालू ठेवून घेतलेल्या औषधाला अर्थ उरत नाही. खर्रा चालतो का, असं आमच्या ओळखीतल्या एकाने विचारलं होतं. बिडी सोडून खर्रा धरणं म्हणजे तोंडाच्या कॅन्सरला निमंत्रण, हे डॉक्टरांचं उत्तर मी इथे तसंच देते.

७. इनहेलर: इथेच सगळ्यात जास्त उपचार फसतात

"पंपाची सवय लागते", "पंप म्हणजे शेवटचा उपाय", "मुलीला पंप लागला तर लग्न कसं जमेल?" ही वाक्यं मी सख्ख्या नातेवाइकांकडून ऐकली आहेत. एक हिशेब लक्षात ठेवा. सॅल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका दाबात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असतं. गोळी पोटातून रक्तात जाऊन सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, धडधडतं. पंपाचं थोडंसं औषध थेट जिथे हवं तिथे पडतं.

दाबायचा पंप (स्पेसरसह, म्हणजे पंपाला लावायच्या पोकळ डब्यासह):
1. टोपी काढा, पंप हलवा, स्पेसरला लावा.
2. श्वास पूर्ण बाहेर सोडा. नळी दातांमध्ये धरून ओठ बंद करा.
3. एकदाच दाबा आणि हळू, खोल श्वास ओढा.
4. दहा सेकंद श्वास रोखा.
5. दुसरा डोस असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा हलवून घ्या.

स्पेसर मोठ्यांनीही वापरावा. त्याशिवाय बरंचसं औषध घशातच चिकटतं. साबणाच्या पाण्यात धुऊन तो तसाच निथळू द्या, फडक्याने पुसू नका. पुसल्याने आत औषध चिकटायला लागतं.

कॅप्सूलचं यंत्र (रोटाहेलर आणि तसली): इथे उलटं आहे. कॅप्सूल बसवा, फोडा, श्वास यंत्राबाहेर सोडा आणि जोरात, झटकन ओढा. बरोबर ओढलं तर आत कॅप्सूल भर्रकन फिरल्याचा आवाज येतो. सासूबाईंना मी त्या आवाजावरच शिकवलं: आवाज आला नाही तर पुन्हा. ओढून झाल्यावर कॅप्सूल उघडून बघायची, आत पांढरी पूड उरली असेल तर आणखी एकदा ओढायची. पावसाळ्यात कॅप्सूल हवेतल्या ओलीने चिकटतात, म्हणून हात कोरडे हवेत आणि डबी लगेच बंद. आणि ही कॅप्सूल गिळायची नसते. दुकानदाराने नुसती डबी हातात दिली की पाण्याबरोबर गिळणारी माणसं खरोखर असतात.

स्टिरॉइड असलेला कुठलाही पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो. पंप संपला का हे पाण्यात तरंगवून बघू नका. मागचा आकडा बघा किंवा पहिल्या दिवसापासून दाब मोजून ठेवा. प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवा. वर्षभर वापरणाऱ्यांचीही पद्धत हळूहळू बिघडते.

८. टीबी निघाला तर

घरात आधी रडारड होते. होऊ द्या, पण दुसऱ्या दिवसापासून कामाला लागा, कारण साधा टीबी सहा महिन्यांत पूर्ण बरा होतो. पहिले दोन महिने चार औषधं (आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल), नंतरचे चार महिने पायराझिनामाइड सोडून तीन. एकाच गोळीत मिळून येतात, रोज घ्यायच्या, आणि किती गोळ्या हे वजनावर ठरतं. म्हणून वजन करायला विसरू नका. वजन वाढलं तर गोळ्याही बदलू शकतात.

तपासणी आणि औषधं सरकारकडून मोफत. खाजगी डॉक्टरांकडे उपचार घेत असाल तरी २०१२ पासून प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद सरकारकडे करणं बंधनकारक आहे. नोंद निक्षय पोर्टलवर होते. ती झाली की निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपयांप्रमाणे पैसे खात्यात येतात (१ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ही रक्कम ५०० होती). त्यासाठी आधार आणि बँक पासबुकची झेरॉक्स द्या, आणि खातं आधारला जोडलेलं आहे का हे बँकेत जाऊन बघा. पैसे अडकतात ते बहुधा इथेच. शंका असेल तर निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६.

आता सांभाळायच्या गोष्टी. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते, त्यात धोका नाही. पण डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या, नजर अंधुक झाली किंवा रंग नीट ओळखू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. पायांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा, त्यावर बी-६ ची गोळी असते. एचआयव्ही आणि शुगरची तपासणी सोबतच करतात. शुगर वाढलेली असेल तर टीबी लवकर हटत नाही.

दोन-तीन महिन्यांत भूक लागते, खोकला जातो, वजन वाढतं. नेमकं तेव्हाच औषध सुटतं. आमच्या दिराला तिसऱ्या महिन्यात गावी शेतीच्या कामाला जायचं होतं. औषध गावाजवळच्या आरोग्य केंद्रातून मिळेल अशी बदली करून घेता येते, तशी मागितली तर मिळते. अर्धवट सोडलेला टीबी पुन्हा उलटला की आधीची औषधं त्याच्यावर चालतीलच असं नाही आणि उपचार अवघड होऊ शकतात.

घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. टीबी नसेल तरी लहान मुलांना आणि घरात सोबत राहणाऱ्यांना प्रतिबंधक औषध देतात. भांडी, ताट वेगळं करायची काहीच गरज नाही. टीबी हवेतून पसरतो. खिडक्या उघड्या, रुग्णाच्या तोंडावर मास्क किंवा रुमाल, सुरुवातीचे काही आठवडे वेगळ्या खोलीत झोप, बस. योग्य औषध चालू झालं की संसर्गाचा धोका झपाट्याने उतरतो.

एक सापळा आवर्जून सांगते. लांबलेल्या खोकल्यावर लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात. त्याने टीबी काही दिवस दबतो, माणसाला बरं वाटतं आणि निदान महिनाभर पुढे जातं. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर आधी बेडका तपासा, मग औषध.

९. घरी नेब्युलायझर आणि ऑक्सिजन

नेब्युलायझर (औषधाचा बारीक फवारा करणारं यंत्र) प्रत्येक घरात लागत नाही. स्पेसर लावून घेतलेला पंप बहुतेक वेळा तेवढंच काम करतो, आणि त्याला वीजही लागत नाही. घेतलाच तर कप आणि मास्क दर वेळी धुऊन वाळवा. मुलांना उकळत्या पाण्याची वाफ देऊ नका. पातेलं कलंडून भाजलेली मुलं दवाखान्यात येतात.

सीओपीडीच्या रुग्णाला घरी ऑक्सिजन सांगितला असेल तर तो दिवसातून निदान १५ तास लावायचा असतो. दम लागला की दहा मिनिटं, असा नाही. विश्रांतीच्या वेळीही ऑक्सिजन ८८ किंवा खाली राहत असेल तर तो देतात. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) भाड्याने मिळतो, महिनाभर वापरून मग विकतचा विचार करा. नॉब स्वतःहून वाढवू नका. सीओपीडीत आजार बळावल्यावर डॉक्टर ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य ठेवतात, कारण जास्त ऑक्सिजनने अंगात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो. त्या खोलीत उदबत्ती, निरांजन, बिडी काही नको. वीज गेल्यावर काय, हे आधी ठरवा.

१०. नागपूरचं वर्ष आणि तुमची छाती

उन्हाळ्यात कूलर. वर्षभर बंद असलेला कूलर एप्रिलमध्ये पहिल्यांदा लावला की धूळ आणि बुरशीचा वास घरभर पसरतो. ताट्या दर वर्षी बदला, टाकी घासा, आणि पहिल्या दिवशी रुग्णाला दुसऱ्या खोलीत ठेवून तासभर कूलर चालवा. पाणी आठवड्याला बदला. ४५ डिग्रीच्या उन्हातून येऊन थेट कूलरच्या तोंडाशी बसल्याने दम्याच्या मुलांना लगेच खोकला सुटतो.

ऑक्टोबर ते जानेवारी सगळ्यात अवघड. दिवाळीचा धूर, पहाटेची थंडी, चौकाचौकात पेटलेला पालापाचोळा. या काळात पहाटेचं फिरणं बंद करून ऊन पडल्यावर जा, आणि दिवाळीआधी डॉक्टरांकडून औषध तपासून घ्या. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी वीज केंद्राच्या राखेचा वारा असेल तेव्हा खिडक्या लावून ओल्या फडक्याने पुसावं, झाडू टाळावा. घरात मच्छर कॉइल, धूप, लोबान, गोवरीचा धूर बंद.

कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध वाटतात, आणि मृग नक्षत्राला हैदराबादला माशाचं औषध घ्यायला आपल्याकडून माणसं जातात. श्रद्धेने जायचं असेल तर जा, पण त्यासाठी पंप एक दिवसही सोडू नका. नाव न लिहिलेल्या पुड्यांपासून मात्र दूरच राहा. एका दिवसात जादू करणाऱ्या पुडीत बहुधा स्टिरॉइड कुटलेलं असतं, आणि काही महिन्यांत तोंड सुजतं, शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात. संत्र्याने खोकला होतो म्हणून मुलांना हिवाळाभर संत्रं न देणारी घरं आहेत. ठरावीक पदार्थाने त्रास होतो हे स्वतः पाहिलं नसेल तर उगाच बंद करू नका.

११. पैसे

भरतीची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. भरती होतानाच रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा, बिल झाल्यावर नाही. ओपीडीची औषधं यात येत नाहीत. ती जनऔषधी केंद्रात विचारा, काही इनहेलर तिथे बरेच स्वस्त पडतात. यंत्र बदललं तर ओढायची पद्धत पुन्हा शिकून घ्या.

१२. लस आणि पुढची भेट

सीओपीडी, दमा, मधुमेह असलेल्यांनी आणि साठीच्या पुढच्यांनी फ्लूची लस दर वर्षी घ्यावी; ती दर वर्षी बदलते, म्हणून मागच्या वर्षीची पुरत नाही. न्यूमोकॉकलची लस किती वेळा हे वयावर ठरतं, डॉक्टरांना विचारा. लहान बाळांना ती सरकारी लसीकरणात मोफत आहे: सहावा आठवडा, चौदावा आठवडा आणि नववा महिना.

दवाखान्यातून निघण्याआधी डॉक्टरांकडून एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: रोज कोणतं औषध किती वेळा, त्रास वाढला तर कोणता पंप किती वेळा आणि किती मिनिटांनी, आणि कोणत्या लक्षणाला घरी न थांबता निघायचं. अक्षर लागत नसेल तर तिथेच वाचून घ्या. त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि मूल शाळेत जात असेल तर एक प्रत व एक पंप वर्गशिक्षिकेकडे द्या.